सोलापुरात घराच्या आवारात खेळाचं कोर्ट: काम जमिनीखालून सुरू करा

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, शेळगी, बाळे या बाजूंना बंगला बांधलेल्या लोकांकडून हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. मागे दीड-दोन गुंठे रिकामे आहेत, पोरं मोबाइल सोडत नाहीत, तर एखादं बॅडमिंटन नाहीतर बास्केटबॉलचं कोर्ट करून टाकू का? करा की. पण हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण सुरुवात रंगापासून करतात. निळं चांगलं दिसेल की हिरवं, टाइल्स घ्यायच्या की रंगासारखं लावायचं अ‍ॅक्रिलिक, लाइट किती वॅटचे. सोलापुरात हा शेवटचा विषय आहे. इथल्या कोर्टाचं आयुष्य खालची काळी माती ठरवते. ती मे महिन्यात हाताचा पंजा जाईल एवढी भेगाळते आणि सप्टेंबरच्या पावसात फुगते. वरचा रंग कितीही महागाचा असला तरी खालचा स्लॅब उचलला की तो त्याच्याबरोबर फाटतो. त्यामुळे या लेखात जमिनीला जास्त जागा दिली आहे आणि रंगाला कमी.

खेळ कोणता, जागा किती

टेप घेऊन आधी मोकळी जागा मोजा. बॅडमिंटनचं डबल्स कोर्ट ४४ × २० फुटांचं असतं. पण ते रेषेपासून रेषेपर्यंतचं माप झालं. खेळाडूला मागे आणि बाजूला सरकायला जागा लागते, म्हणून किमान २६ × ५० फूट धरा. हे १,३०० चौरस फूट, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आत बसतं. पिकलबॉल म्हणजे लहान बॅटने भोकांचा प्लॅस्टिक चेंडू जाळीवरून मारायचा खेळ. त्याचं कोर्टही नेमकं ४४ × २० फुटांचंच आहे. तो खेळ १९६५ साली अमेरिकेत सिएटलजवळच्या एका बेटावर एका घराच्या मागच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच सुरू झाला, त्यामुळे माप तेच राहिलं. पिकलबॉल नीट खेळायचा असेल तर ३० × ६० फूट जागा बरी. बास्केटबॉलचं पूर्ण अर्धं कोर्ट म्हणजे १५ × १४ मीटर. घरी एवढ्याची गरज नाही. एक रिंग, तिच्यापुढे फ्री थ्रोची रेषा आणि आजूबाजूला पळायला थोडी जागा असली तरी पोरांची संध्याकाळ निघते. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ × ९ मीटर, शिवाय भोवती मोकळी जागा. टेनिसला भोवतालची जागा धरून साधारण १२० × ६० फूट लागतात, म्हणजे साडेसहा गुंठ्यांच्या वर. ते सोडून द्या.

माझं मत विचाराल तर २६ × ५० किंवा जमलं तर ३० × ६० चा एक स्लॅब करा, त्यावर बॅडमिंटन आणि पिकलबॉल दोन्हीच्या रेषा मारा आणि एका टोकाला बास्केटबॉलची रिंग लावा. सोलापूर सपाट माळावर वसलेलं आहे. जूननंतर पश्चिमेचा वारा सुटला की उघड्यावर शटल हवं तिथे पडत नाही. त्या चार महिन्यांत पिकलबॉलचा भोकांचा प्लॅस्टिक चेंडू त्यामानाने सरळ जातो. दोन खेळांच्या जाळीची उंची मात्र वेगळी. बॅडमिंटनची मध्यभागी ५ फूट, पिकलबॉलची ३४ इंच. म्हणून जाळी वरखाली करता येईल असे खांब घ्या.

दिशा, हौद आणि बोअर

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. आपल्याकडे खेळ होतो सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, आणि पूर्व-पश्चिम कोर्टावर त्या वेळी एका खेळाडूच्या थेट डोळ्यात ऊन येतं. प्लॉटच तसा असेल तर इलाज नाही. पण जागा निवडायची मुभा असेल तर घराच्या पूर्वेला कोर्ट घ्या. दुपार कलली की घराचीच सावली कोर्टावर सरकते. चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात या सावलीमुळे खेळ तासभर तरी लवकर सुरू होतो.

सोलापुरात रोज नळाला पाणी येत नाही, त्यामुळे बहुतेक घरांना जमिनीखाली मोठा हौद असतो आणि तो नेमका मोकळ्या जागेत असतो. हौदाचं झाकण, सेप्टिक टँक, ड्रेनेजची लाइन आणि बोअर कुठे आहे ते कागदावर काढा. हौदावरून स्लॅब घेऊ नका. बोअरभोवती गाडी उभी राहील एवढी जागा सोडा. बोअरची मोटार जळणार हे गृहीत धरा. त्या दिवशी ती काढायला येणारी गाडी नव्या कोऱ्या कोर्टावर चढवायची वेळ येऊ नये.

याच टप्प्यावर तुमच्या आर्किटेक्टला मंजूर नकाशा दाखवा. उंच जाळी, लाइटचे खांब आणि भराव टाकून वाढवलेली पातळी यांबद्दल महापालिकेचे किंवा सोसायटीचे नियम काय म्हणतात ते त्याच्याकडून लेखी घ्या. भराव टाकल्यावर तुमचं पाणी शेजाऱ्याच्या आवारात उतरलं तर भांडण नक्की.

खड्डा मारून बघा

कोर्टाच्या जागेत तीन ठिकाणी, दोन टोकांना आणि मध्ये, पाच फूट खोल खड्डे घ्या. काळी माती कुठपर्यंत आहे आणि मुरूम कुठे लागतो ते बघा. आपला सगळा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. काळ्या मातीखाली पिवळट-तांबूस मुरूम कधीतरी लागतोच, पण किती खोल ते शेजारच्या दोन प्लॉटांतही सारखं नसतं. शेजाऱ्याच्या बांधकामावरून अंदाज बांधू नका.

माती किती फुगते हे कळायला एक स्वस्त चाचणी आहे. कोणत्याही मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये 'फ्री स्वेल' सांगा. वाळवून चाळलेली दहा ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्हींतला फरक मोजतात. तो पन्नास टक्क्यांच्या वर आला तर ती माती स्लॅबखाली ठेवायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता तीन शक्यता. मुरूम दोन-अडीच फुटांवर लागला तर नशीब चांगलं. सगळी काळी माती काढून टाका. तीन-चार फुटांवर लागला तरी शक्य असेल तर काढा, खर्च वाढेल पण चिंता मिटेल. पाच फूट खणूनही काळीच निघत असेल तर सगळी काढणं परवडत नाही. मग वरची दोन-तीन फूट काढून तिथे मुरमाचा जाड, दाबलेला थर द्यायचा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर केलेल्या कामातून ही पद्धत रुजली. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर वर असला की खालच्या मातीचं फुगणं बरंच आवरलं जातं. चांगला मुरूम हे काम करतो. नुसती वाळू किंवा नुसती खडी करत नाही, उलट तिच्यातून पाणी थेट खाली उतरतं. गवंडी 'डबर टाकून सोलिंग करू, काही होत नाही' म्हणेल. काळ्या मातीवर थेट सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, केलं तर दोन पावसाळ्यांत डबर मातीत रुतून बसतं.

आणि एवढं सगळं करायची तयारी नसेल तर काँक्रीटचा नादच सोडा. एक फूट मुरूम पाणी मारून दाबा, वर बारीक चाळलेला मुरूम पसरा, दोन खांब रोवा. व्हॉलीबॉल, कबड्डी, खो-खो झकास होतं. दर पावसाळ्यानंतर एकदा रोलर फिरवला की झालं. अर्धवट पायावर केलेल्या रंगीत कोर्टापेक्षा हे शंभर पटीने बरं.

वेळ कधीची धरायची

पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो, म्हणून खोदाई दिवाळीनंतर काढा. मुरूम-भराई नोव्हेंबरअखेर, स्लॅब डिसेंबरात, रंग फेब्रुवारीच्या आत. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत माणसं मिळतील हे धरूनच चालू नका, त्या आठवड्यात काम ठेवू नका. मे महिन्यात स्लॅब ओतायचा मोह टाळा. वाळलेल्या, आकसलेल्या मातीवर स्लॅब बसतो आणि चार महिन्यांनी तीच माती खालून उचल खाते. शिवाय त्या उन्हात आणि वाऱ्यात काँक्रीटच्या अंगावरचं पाणी घोटाई व्हायच्या आतच उडून जातं आणि केसासारख्या भेगा पहिल्याच दिवशी पडतात.

भराई

कोर्टाच्या मापापेक्षा चारही बाजूंना दोन-दोन फूट जास्त खणा. २६ × ५० च्या कोर्टासाठी खड्डा ३० × ५४ होतो. दीड फूट दाबलेला मुरूम म्हणजे सुमारे २४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून मागवताना ३० ब्रासच्या आसपास मागवा. मुरूम टाकताना सहा ते आठ इंचांचा थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. जेसीबीवाला सगळा माल एकदम ओतून वरून बकेट आपटतो आणि 'बसला साहेब' म्हणतो. तो बसलेला नसतो. कोपऱ्यात रोलर पोहोचत नाही तिथे धुमस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर लागतो. टाचेने जोर देऊन बघा. दाबलेल्या मुरमात टाच रुतत नाही.

काळ्या मातीतलं कोर्ट बहुतेक वेळा मधून फाटत नाही, कडेने फाटतं. कारण स्लॅबच्या मधोमध खालची माती वर्षभर जवळजवळ सारख्याच ओलीत राहते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळते आणि पावसात भिजते, म्हणून कड वरखाली होते. यावर दोन उपाय, दोन्ही करा. स्लॅबच्या चारही कडांना दोन फूट खोल काँक्रीटची भिंत, ज्याला टो वॉल म्हणतात, ती घ्या. आणि कडेला तीन फुटांपर्यंत फुलझाडांची आळी, लॉनचं पाणी, मोठं झाड काहीही ठेवू नका. कडुनिंब, पिंपळ तर दूरच ठेवा. त्यांची मुळं उन्हाळ्यात मातीतलं पाणी शोषतात आणि त्या बाजूची जमीन खचते.

स्लॅबच्या आधी काय पुरायचं

जाळीच्या खांबांच्या स्लीव्ह (खांब ज्यात उभे करायचे त्या पुरलेल्या नळ्या), रिंगच्या खांबाचा पाया, लाइटच्या केबलचे पाइप. हे तीनही स्लॅबच्या आधी. नंतर ड्रिल मारून केलेली प्रत्येक गोष्ट पाण्याला आत जायची वाट असते.

बॅडमिंटनचे खांब डबल्सच्या बाजूरेषेवर, म्हणजे २० फुटांवर येतात. पिकलबॉलचे २२ फुटांवर. दोन्हीसाठी एकच जोडी वापरायची तर खांब २२ फुटांवर ठेवा, घरच्या खेळाला अडत नाही. प्रत्येक स्लीव्हला दोन फूट लांब-रुंद आणि अडीच फूट खोल स्वतंत्र पाया द्या. जाळी ताणली की खांब आत झुकतात, उथळ पाया हळूहळू सुटतो. बास्केटबॉलच्या खांबाला याहून मोठा पाया लागतो. पोरं रिंगला लोंबकळणार हे धरूनच चाला. रिंगची उंची १० फूट असते, लहान मुलांसाठी खाली घेता येणारी मिळते.

स्लॅब

मुरमावर तीन-चार इंच साधं काँक्रीट, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पाच इंचांचा एम-२० दर्जाच्या काँक्रीटचा आरसीसी (सळई घातलेला) स्लॅब. सळई आठ मिलिमीटरची, आठ-आठ इंचांवर दोन्ही दिशांना. ही जाळी स्लॅबच्या वरच्या अर्ध्या भागात हवी. त्यासाठी सळईच्या खुर्च्या लावाव्या लागतात. बिगारी घमेली घेऊन तिच्यावर नाचले की जाळी तळाला जाते आणि तिथे ती काहीच करत नाही. ओतताना स्वतः उभे राहा.

पाच इंचांनी १,३०० चौरस फुटांना सुमारे १५ घनमीटर काँक्रीट होतं. साइटवर मिक्सर लावला तर सव्वाशेच्या आसपास पोती सिमेंट. तयार काँक्रीट मागवलं तर सहा घनमीटरच्या तीन गाड्या. मला तयार काँक्रीट जास्त पटतं, कारण सगळा स्लॅब एका दिवसात, एकाच दर्जाचा पडतो. गाडीवाल्याला गल्लीची रुंदी आणि वरच्या वायरी आधी दाखवा. गाडी आली की 'जरा पाणी सोडा, पसरत नाही' असं कुणीतरी म्हणेल. सोडू द्यायचं नाही.

उतार हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. शंभर फुटांना एक फूट, म्हणजे एक टक्का, तोही एकाच दिशेने आणि रुंदीच्या बाजूने. २६ फूट रुंदीला तीन इंच. खेळताना तो जाणवत नाही, पाणी मात्र निघून जातं. मध्ये जाळीपाशी उंच ठेवून दोन्हीकडे उतार देणं ही घराच्या गच्चीची सवय आहे, ती इथे नको. आणि उतार घराकडे नको, हे सांगायलाच नको.

पृष्ठभाग कोब्यासारखा गुळगुळीत घोटू देऊ नका. आपल्या गवंड्याला चकाकी आली की समाधान वाटतं, पण चकचकीत काँक्रीटवर अ‍ॅक्रिलिक धरत नाही आणि घामाच्या थेंबावरही पाय घसरतो. पातळी काढून झाली की ओल्या काँक्रीटवर एका दिशेने झाडू ओढून खरखरीत ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उशीर न करता, कटरने सांधे मारा. सांध्याची खोली स्लॅबच्या पाव ते एक तृतीयांश. ५० फुटांत तीन आडवे सांधे, साडेबारा फुटांवर एक, आणि मधोमध एक उभा. अशी आखणी केली की उभा सांधा बॅडमिंटनच्या मध्यरेषेखाली लपतो आणि मधला आडवा जाळीखाली. काँक्रीट आकसताना तडा जाणारच, तो आपण सांगू तिथे जावा म्हणून हे सांधे.

मग पाणी. बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असतं, त्याला किमान दहा दिवस आणि शक्यतो चौदा दिवस ओलं ठेवायला हवं. मातीची आळी करून दोन इंच पाणी साठवायचं तर पहिल्या भरणीलाच सहा हजार लिटर लागतात. नळाच्या पाण्यावर हे जमणार नाही. बोअरला पाणी असेल तर ठीक, नाहीतर टँकरचा खर्च आधीच धरा. गोणपाट भिजवून वर प्लॅस्टिक झाकलं तर पाणी बरंच वाचतं.

पाणी काढल्यावर एक तपासणी करा. पूर्ण स्लॅब भिजवा, तासाभराने बघा. रुपयाचं नाणं बुडेल एवढं पाणी कुठे साचलं असेल तर खडूने गोल करा आणि ती जागा रंगाआधी भरून घ्या.

वरचा थर

अ‍ॅक्रिलिक लावायचं तर स्लॅबला २८ दिवस होऊ द्या. काम सकाळी लवकर, स्लॅब तापायच्या आत आणि वाऱ्याची धूळ उडायच्या आत. फिकट रंग निवडा. गडद निळा फोटोत छान दिसतो, एप्रिलमध्ये त्यावर अनवाणी उभं राहवत नाही. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर आणि पिकलबॉलची सात फुटांवर असते. दोन्ही पांढऱ्या मारल्या तर पोरं रोज भांडतील, म्हणून एक पांढरी आणि एक पिवळी. आखताना कर्ण मोजा. ४४ × २० चा कर्ण दोन्हीकडून ४८ फूट ४ इंच आला तर काटकोन बरोबर.

प्लॅस्टिकच्या जोडटाइल्सही चांगल्या, गुडघ्यांना मऊ आणि पाणी खालून निघून जातं. पण पॉलिप्रॉपिलीन उन्हात प्रसरण पावतं. ५० फूट लांबीच्या टाइल्स थंडीतली पहाट आणि मेची दुपार यांत सहा-सात सेंटिमीटर सरकू शकतात. कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून बसवल्या तर मध्ये फुगा येतो. चारही बाजूंना मोकळी फट ठेवायला सांगा, आणि फिटिंग थंडीत होत असेल तर जास्तच.

जाळी, लाइट, पाणी

टोकांना चेंडू अडवायला दहा फूट उंच कुंपणाची जाळी पुरते. वाऱ्यासाठी हिरवी शेडनेट बांधायची असेल तर सुटणाऱ्या गाठींनी बांधा. वळवाच्या वादळात पक्की बांधलेली नेट खांबासकट जाते.

लाइट बाजूंना लावा, टोकांना नको, नाहीतर शटलकडे बघताना डोळे दिपतात. चार खांब, प्रत्येकी २०० वॅटचा एलईडी, तोंड खाली वळवलेलं. ८०० वॅट झाले, तेव्हा घराचा मंजूर भार इलेक्ट्रिशियनला तपासायला सांगा. स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) याबाबतीत काटकसर नको. घामेजलेला हात आणि ओला लोखंडी खांब एकत्र येणार आहेत. रात्री दहानंतर मात्र खेळ बंद. आवाजाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्रीची धरतात आणि पिकलबॉलचा टक्-टक् आवाज शेजाऱ्याच्या बेडरूमपर्यंत सरळ जातो.

उताराच्या बाजूला नाली करून पाणी बोअरच्या पुनर्भरण खड्ड्याकडे न्या. एक इंच पाऊस पडला की एवढ्या कोर्टावरून तीन हजार लिटर पाणी मिळतं. खड्डा स्लॅबपासून लांब ठेवा, कारण ते पाणी कडेला मुरलं तर टो वॉल घेऊनही उपयोग नाही.

ठेकेदाराशी बोलताना

एकच 'कोर्टाचा रेट' घेऊ नका. खोदाई, मुरूम, स्लॅब, सांधे, वरचा थर, जाळी आणि लाइट यांचे दर वेगळे लिहून घ्या. रंगवाल्याला खालच्या कामाचा ठेका देऊ नका, तो त्याचा धंदा नाही. मुरूम ब्रासवर मोजून घ्या, गाडीच्या खेपेवर नाही. आणि शेवटचे दहा टक्के पैसे सप्टेंबरचा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायचं सुरुवातीलाच लिहून घ्या. कडा उचलल्या, सांधा सोडून दुसरीकडे तडा गेला, तर ते तेव्हाच दिसतं. तडा दिसला तर सिमेंटची पेस्ट भरू देऊ नका, ती पहिल्याच उन्हाळ्यात निघते. लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं, आणि तेही मार्च-एप्रिलमध्ये, भेग उघडलेली असताना.

त्याच महिन्यांत घरातल्या बायका कोर्टावर पापड-कुरडया आणि शेंगा वाळत घालायला येतील, कारण एवढी स्वच्छ, तापलेली, सपाट जागा गल्लीत दुसरी नसते. तेलाचे डाग अ‍ॅक्रिलिकवरून सहज निघत नाहीत, म्हणून खाली जुनी चादर अंथरायला सांगा.